आधी सुनेचे ताट, मग मुलाची पाटी

घरात सहा-सात महिन्यांचे मूल असेल तर आज एक गोष्ट करून पहावी. मूल शांत असताना त्याच्या तळपायाच्या बाहेरच्या कडेने, टाचेकडून बोटांकडे, आपले बोट किंचित दाबून फिरवावे. बहुधा पायाचा अंगठा वर उचलला जाईल आणि बाकीची बोटे पंख्यासारखी फाकतील. मग हेच घरातल्या एखाद्या धडधाकट मोठ्या माणसाच्या पायाला करून पहावे. त्याचा अंगठा खाली वळेल. पॅरिसचे डॉक्टर जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 साली या खुणेचे वर्णन केले. मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला तर मेंदूकडून पायाकडे येणारी वाट कोठेतरी बिघडली आहे असे डॉक्टर समजतात. तान्ह्या मुलाचा अंगठा वर जातो तो मात्र बिघाड नव्हे. त्याची ती वाट अजून बांधून पुरी झालेली नसते, इतकाच त्याचा अर्थ. साधारणपणे पहिल्या व दुसऱ्या वाढदिवसाच्या दरम्यान ती पुरी होत जाते, आणि अंगठा खाली वळू लागतो.

ही वाट कशी बांधली जाते हे शेतकरी आईबापांना ठाऊक असले पाहिजे, कारण त्या बांधकामाचे पुष्कळसे सामान आपल्याच चुलीवरून जाते. आपण घाई चुकीच्या ठिकाणी करतो आणि काटकसरही चुकीच्या ठिकाणी करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या पाटीची आपल्याला घाई, आणि त्याच्या आईच्या ताटात काटकसर. हा क्रम उलटा झाला पाहिजे. का, ते सांगतो.

तारेवरचे आवरण

विहिरीवरच्या पंपाची तार आपण सारे ओळखतो. आत तांबे आणि वर आवरण. आवरण उंदराने कुरतडले तर काय होते हे नव्याने सांगायला नको. आपल्या शरीरातील मज्जातंतू अशाच तारा आहेत. मेंदूचा हुकूम हातापायाला आणि हातापायाची खबर मेंदूला त्यांच्यातून विजेच्या रूपाने जाते. या तंतूंपैकी पुष्कळांवर एक स्निग्ध, पांढुरके आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 1854 साली दिले. मेंदूचा जो भाग पांढरा दिसतो तो या मायलिनमुळेच पांढरा दिसतो.

आवरणाने काय फरक पडतो? उघड्या तंतूतून खबर सेकंदाला अर्धा ते दोन मीटर जाते. म्हणजे बांधावरून रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकी. चांगले आवरण असलेल्या जाड तंतूतून ती सेकंदाला 100 मीटरपर्यंत, म्हणजे ताशी 360 किलोमीटर वेगाने धावते. कोठे पायी माणूस आणि कोठे ही धाव! मात्र एका बाबतीत ही तार पंपाच्या तारेहून वेगळी आहे. तिचे आवरण सलग नसते. मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी अंतरावर एक एक बारीक फट असते. फ्रेंच शास्त्रज्ञ रांव्हिये यांनी 1870 नंतरच्या दशकात या फटींचे वर्णन केले. खबर या फटीवरून त्या फटीवर, ओढ्यातील दगडांवरून उड्या मारीत जाणाऱ्या पोरासारखी जाते. त्यामुळे वेग वाढतो आणि शक्तीही कमी खर्च होते.

आता हे आवरण घालतो कोण? मेंदूत त्यासाठी खास पेशी आहेत. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1921 साली त्या ओळखल्या. त्यांचे नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. नाव जड आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. ही पेशी आपले बारीक हात चोहीकडे पसरते. प्रत्येक हाताच्या टोकाला एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो जवळच्या तंतूभोवती गुंडाळला जातो, पुन्हा गुंडाळला जातो, असे कितीतरी वेढे बसतात. पापुद्र्याच्या आतील रस पिळून निघतो आणि थर एकमेकांना घट्ट चिकटतात. सुरळीची वडी करताना पातळ थर जसा गुंडाळत नेतो तसेच हे, फक्त येथे नवा वेढा वरून न बसता आतून, तंतूला लागून सरकत जातो. अशी एक पेशी कितीतरी तंतूंना, कधी चाळीस-पन्नास ठिकाणी, आवरण घालते. हातापायांच्या नसांत हे काम श्वान पेशी करतात. तेथे एक पेशी एकाच तुकड्यापुरती असते. आवरण असे गुंडाळूनच होते याचा पुरावा अमेरिकेतील बेटी गेरेन या संशोधक बाईंनी 1954 साली दिला, आणि तो कशात पाहून, तर अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या पिलाच्या नसांत.

पुढे 2012 साली असेही दिसून आले की या पेशी केवळ आवरण घालून थांबत नाहीत, तर आपल्या तंतूला खाद्यही पुरवतात. म्हणजे आवरण हे रबराचे निर्जीव नळकांडे नव्हे. ते जिवंत आहे. जे जिवंत आहे त्याला खायला लागते.

हळवे, निमगरवे, गरवे

हे आवरण सगळीकडे एकदम बसत नाही. लाइप्झिगचे डॉक्टर पाउल फ्लेक्सिख यांनी 1876 पासून गर्भांच्या व अर्भकांच्या मेंदूंचा बारकाईने अभ्यास केला. आवरण एका ठराविक क्रमाने बसते असे त्यांना आढळले. आपल्याकडे भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे वाण असतात. मेंदूतही तसेच आहे.

आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच नसांवर व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आवरण दिसू लागते. जन्मल्याबरोबर मुलाला श्वास घ्यावा लागतो, चोखावे लागते, गिळावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागातील वाटा आधी तयार होतात. हे हळवे पीक. जन्मानंतर पाहणे, स्पर्श ओळखणे, मान धरणे, बसणे, चालणे यांच्या वाटा पुऱ्या होत जातात. हे निमगरवे. म्हणून मूल तीन-चार महिन्यांत मान धरते, सहा ते आठ महिन्यांत बसते आणि वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकते. काम खालून वर आणि मागून पुढे सरकते. कपाळामागचा भाग, ज्याने आपण विचार करतो, मोह आवरतो, पुढचे पाहून आजचे ठरवतो, तो सर्वांत शेवटी. त्याचे आवरण विशीतही बसतच असते. हे गरवे पीक.

गरवे भात दसऱ्याला कापायला जाणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. पण तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल कोंबून त्याच्याकडून पानेच्या पाने गिरवून घेणारे आईबाप दर घराआड दिसतात. त्या वयात बोटांवर बारीक ताबा ठेवणारी व्यवस्था अजून पक्की होत असते. मुलाला रेघ सरळ काढता येत नाही तो त्याचा आळस नव्हे, आणि मार दिल्याने आवरण लवकर बसत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवावे असेच म्हटले आहे. तरीही ज्या बालवाडीत गृहपाठ जास्त ती चांगली, अशी आपली समजूत. चाकांच्या वॉकरमध्ये मूल उभे करण्याचे तेच. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरून व पायरीवरून कोसळण्याचा धोका वाढतो. अशा अपघातांमुळे कॅनडाने 2004 साली वॉकरवर बंदीच घातली. त्यापेक्षा अंगणात चटईवर सोडलेले मूल आपल्या वेळेने बरोबर उठते.

सामान कोठून येते?

घाई करू नये याचा अर्थ स्वस्थ बसावे असा नव्हे. गरवे भात उशिरा येते म्हणून त्याला खत-पाणी उशिरा द्यावे असे कोणी म्हणत नाही. जन्मताना मुलाचा मेंदू सुमारे 350 ग्रॅमचा असतो. दोन वर्षांत तो किलोच्या आसपास जातो. इतकी झपाट्याची वाढ पुन्हा आयुष्यात होत नाही. या वाढीत मायलिनचा वाटा मोठा आहे.

मायलिन वाळवून पाहिले तर त्यात सुमारे 70 ते 80 टक्के स्निग्ध पदार्थ व बाकी प्रथिने निघतात. हे वाचून कोणी मुलाला तुपाची वाटी पाजायला धावू नये. मायलिनमध्ये जे कोलेस्टेरॉल लागते ते मेंदू स्वतःच तयार करतो, जेवणातले कोलेस्टेरॉल रक्तातून मेंदूत शिरत नाही. बुद्धी वाढवणाऱ्या म्हणून ज्या महागड्या पावडरी डब्यांतून विकल्या जातात, त्यांच्यासाठी ऊस-भाताचे पैसे घालवण्याचे काही कारण नाही. मेंदूला कारखाना चालवायला जे लागते ते द्यावे. त्यात तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांची आपल्या घरांत खरोखर वाण पडते.

पहिली, लोह. आवरण घालणाऱ्या पेशींत मेंदूतील इतर पेशींपेक्षा जास्त लोह असते, कारण स्निग्ध पदार्थ बनवण्याच्या कामी ते लागते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, लोह कमी पडून रक्त उतरलेल्या सहा महिन्यांच्या बालकांची तपासणी झाली. कानातील आवाजाची खबर मेंदूच्या खालच्या भागातून पुढे जायला त्यांना निरोगी मुलांपेक्षा जास्त वेळ लागत होता. 1998 साली हे प्रसिद्ध झाले. लोह दिल्यानंतरही पुढच्या तपासण्यांत हा फरक टिकून होता. आपल्या देशातील 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 67 टक्के मुलांत व 52 टक्के गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळले. दर तीन मुलांत दोन! आपल्या वाड्यावस्त्या याला अपवाद आहेत असे समजण्याचे कारण नाही.

दुसरी, ब-12 जीवनसत्त्व. हे धान्यात नाही, भाजीत नाही. दूध, अंडी, मासे, मटण यांतच ते मिळते. 1962 साली वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी अशा तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांच्या आयांच्या अंगातच ब-12 नव्हते आणि म्हणून दुधातही उतरत नव्हते. मुले अंगावर पीत होती, दिसायला कधी गुटगुटीतही असत, पण हसणे विसरत, शिकलेले गमावत, हातपाय थरथरत, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळी पडे. ब-12 दिल्यावर ती सुधारू लागत. हा रोग आजही बालरोग-डॉक्टरांना दिसतो. आपल्या ख्रिस्ती घरांत अंडे-मासळी वर्ज्य नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण वर्ज्य नसणे वेगळे आणि सुनेच्या ताटात पडणे वेगळे.

तिसरी, आयोडीन. आवरण घालणाऱ्या पेशी वयात येण्यासाठी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा रस लागतो, आणि तो रस बनायला आयोडीन लागते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात 1956 साली आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू झाला आणि तेथील गलगंड कमी होत गेला. आता तसे मीठ सगळीकडे मिळते. जनावरांसाठी आणलेले खडेमीठ स्वस्त पडते म्हणून तेच स्वयंपाकात वापरू नये, इतकेच.

गाभण म्हैस आणि गरोदर सून

घरोघर जाताना एक गोष्ट मला पुष्कळदा दिसते. म्हैस गाभण असली की तिला पेंड वेगळी, हिरवा चारा आधी, आणि कोणी तिला ओढगस्त करू देत नाही. व्याली की पहिला चीक रेडकाच्या तोंडी गेलाच पाहिजे, नाहीतर रेडकू जगायचे नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. त्याच घरात सून गरोदर असली की ती सगळ्यांचे झाल्यावर जेवायला बसते. कालवणातले तुकडे तोवर संपलेले असतात. आमटीचे पाणी आणि भात उरतो. जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, अंडे उष्ण पडेल, अशा समजुती वर आहेतच. आणि बाळंत झाल्यावर तिचा पहिला पिवळसर चीक काही घरांत अजून पिळून टाकतात! रेडकाला जे अमृत ते नातवाला विष कसे?

एका घरी मी हे बोललो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फादर, तुमचं खरं हो, पण आमच्या वेळी असलं काय नव्हतं. मी सहा पोरं वाढवली ती काय बिघडली?" मी विचारले, "आजी, झाली किती?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ." एवढे बोलून त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, "बस गं, तू पण बस जेवायला." मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या ताटातही त्यांच्या सासूने काही ठेवले नव्हते. जुन्या काळाचा हिशेब करताना आपण जगलेली व शिकलेली मुले मोजतो. गेलेली मोजत नाही, आणि शाळेत मागच्या बाकावर बसून "डोक्यात शिरत नाही" म्हणून चौथीतून काढलेली तर मुळीच मोजत नाही.

दुसरा हिशेब अंड्यांचा. घरच्या कोंबड्यांची गावठी अंडी आठवडी बाजारात जातात, कारण त्यांना भाव चांगला. त्या पैशांतून मुलांसाठी खारी आणि बिस्किटे येतात. दूध पहाटे सगळे डेअरीला जाते आणि घरात काळा चहा होतो. शेतकऱ्याला रोख पैसा लागतो हे मी जाणतो. सोसायटीचे हप्ते थांबत नाहीत. पण अंडे विकून बिस्किट घेणे हा व्यवहार म्हणूनही तोट्याचा आहे. पाच अंड्यांतले एक घरात ठेवावे, आणि ते कर्त्या पुरुषाच्या नव्हे तर गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या आणि दोन वर्षांच्या आतील मुलाच्या ताटात पडावे.

उपवासकाळाबद्दलही स्पष्ट सांगतो. गरोदर व पाजणाऱ्या स्त्रीला उपवासातून मोकळीक आहे. तिने उपाशी राहण्यात पुण्य नाही.

काय करावे

गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस, अशी सरकारी आरोग्य केंद्राची योजना आहे. गोळ्या फुकट मिळतात, पण फडताळात पडून राहतात. गोळीने शौचाला काळे होते. त्याला घाबरू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये, तासभर आधी वा नंतर घ्यावी. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असला तर अन्नातील लोह अंगी लागते. नाचणी, शेवग्याचा पाला, कडधान्ये, सुकट, जवळा हे आपल्या भागात मिळते.

मूल जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यावे, चीक पाजावा, आणि सहा महिने आईचे दूध सोडून पाणीसुद्धा देऊ नये. उष्टावण झाल्यावर मात्र नुसत्या पेजेवर मूल ठेवू नये. पेजेने पोट भरते, मेंदूचे सामान येत नाही. घट्ट वरण-भात, नाचणीची खीर, पुरते उकडून कुस्करलेले अंडे, काटे नीट काढलेली मासळी द्यावी. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंडे, मासे किंवा मटण यांपैकी काहीतरी रोज मिळावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा सल्ला आहे. रोज जमत नसेल तर जितके जमेल तितके. अंगणवाडीत वा उपकेंद्रात आशाताईंकडून लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा घ्यावे आणि जंताची गोळी चुकवू नये.

गरोदर बाईला फवारणीचे औषध कालवायला, पंप धुवायला किंवा फवारणीचे कपडे पिळायला लावू नये. कीड मारणारी पुष्कळ औषधे किड्याच्या नसांवरच घाव घालतात, आणि पोटातल्या मुलाच्या नसा कोवळ्या असतात. दारूचेही तसेच. आईने घेतलेली दारू गर्भापर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या पुलाचीसुद्धा वाढ त्यामुळे बिघडू शकते. सर्दी-पडशाला म्हणून तान्ह्या मुलाच्या जिभेवर ब्रँडी लावणे हा औषधोपचार नव्हे.

बोलणे आणि कुशीत घेणे

सामान आले तरी गवंड्याला कोठे बांधायचे ते कळावे लागते. ज्या वाटेवरून खबर जास्त जाते तेथे आवरण चांगले बसते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी 2014 साली दाखवले की नव्या आवरण घालणाऱ्या पेशी तयार होऊ न दिलेले उंदीर वेड्यावाकड्या गजांच्या चाकावर धावण्याचे कसब नीट शिकू शकले नाहीत. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतील मुलांचा अभ्यास त्याहून बोलका आहे. तेथे अन्न मिळत होते, पण कुशीत घेणारे कोणी नव्हते. आठ-दहा वर्षांच्या वयात त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा पांढरा भाग कमी आढळला. ज्या मुलांना लहानपणीच एखाद्या कुटुंबात वाढायला दिले, त्यांच्यात ही उणीव बरीच भरून आलेली होती. 2012 साली हे प्रसिद्ध झाले.

तेव्हा मुलाशी बोलावे. भांगलण करताना झोळीतल्या मुलाशी बोलणारी, त्याला गाणे म्हणणारी आई त्याच्या मेंदूचेच काम करीत असते. मोबाइल हातात देऊन गप्प बसवलेले मूल ते काम मुकते. आणि हे आईचेच काम असे कोठे आहे? संध्याकाळी चावडीवर बसण्याऐवजी बापाने अर्धा तास मूल मांडीवर घ्यावे.

गरव्या पिकाची राखण पंधराव्या-सोळाव्या वर्षीही चालू ठेवावी लागते. त्या वयाच्या मुलाचे दंड बापाएवढे होतात, पण कपाळामागचा लगाम अजून तयार व्हायचा असतो. अशा मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणे, लग्नाच्या मांडवात "घे की थोडी" म्हणून पेला देणे, हे न वाळलेल्या स्लॅबवर गाडी चढवण्यासारखे आहे. त्याच्या प्रत्येक चुकीला ही सबब नव्हे. पण त्याला शहाणपण यायला वेळ लागतो म्हणून आपण जास्त शहाणे असले पाहिजे.

आयांना दोष नको

हे लिहिताना एक भीती वाटते. ज्या घरात मूल उशिरा चालते-बोलते तेथे हा लेख आईच्या तोंडावर फेकला जाऊ नये. उशीर होण्याची कारणे अनेक असतात. बाळंतपणात मूल गुदमरणे, अपुऱ्या दिवसांचे जन्मणे, रक्तातून आलेले दोष. प्रत्येक वेळी ताटच कारणीभूत असते असे नाही, आणि ताट रिकामे असले तरी ते तिने स्वतः रिकामे ठेवलेले नसते. नजर लागली, ग्रहण पाळले नाही, असे म्हणत वर्षे घालवू नयेत. मूल पाच महिन्यांत मान धरत नसेल, नऊ महिन्यांत बसत नसेल, दीड वर्षात चालत नसेल, किंवा आलेली गोष्ट विसरू लागले असेल तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अशा तपासणीची सोय आहे.

वेळ गेली म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. ऑक्सफर्डमध्ये मोठ्या माणसांना सहा आठवडे चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ शिकवला, तर त्यांच्याही मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल दिसला. 2009 सालची ही गोष्ट. आवरणाचे काम पुढेही चालू राहते. पण पेरणीची वेळ ती पेरणीची वेळ. पहिल्या दोन वर्षांत जे सहज होते ते पुढे कष्टाने व अर्धेमुर्धे होते.

येत्या आठवडी बाजाराला अंड्यांची टोपली भरताना घरात कोण गरोदर आहे, कोण पाजते आहे, कोणाचे मूल दोन वर्षांच्या आत आहे, याचा आधी विचार करावा. त्यांची अंडी बाजूला काढावी आणि मग उरलेली मोजावी. घरात तसे कोणी नसेल तर शेजारी असेल. आणि आज रात्री सुनेला पहिल्या पंगतीला बसवावे. त्याला पैसा लागत नाही.